तुसाची गाळणी

शंभर किलो भात गिरणीत घातले की साधारण वीस किलो तूस बाहेर पडते. गुरे ते खात नाहीत. शेतात पसरले तर लवकर कुजत नाही. वजनाला इतके हलके की लांब न्यायचे म्हटले तर मालापेक्षा गाडीभाडे जास्त. तरीही कोकणात तूस कधी पूर्ण वाया गेले नाही. ते जाळून त्याची राखुंडी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे दात तिने घासले गेले. लाद्या वितळू नयेत म्हणून बर्फवाल्यांनी त्या तुसात पुरल्या. वीटभट्टीवाल्यांनी ते भट्टीत घातले. पेंढ्याचा मान मोठा. तो गुरांना, छपराला, आंब्याच्या आढीला आणि पेणच्या गणपतींच्या वेष्टनाला लागतो. तूस नेहमी खालच्या पायरीवर राहिले, पण कामाला आले.

गेल्या पन्नास वर्षांत या यादीत एक अनपेक्षित काम आले आहे. पाण्यात विरघळलेले शिसे, तांबे, कॅडमियम हे धातू धरून ठेवायचे. तूस, पेंढा, उसाची चिपाडे, शेंगदाण्याची टरफले यांवर रासायनिक संस्कार करून हे साधता येते, आणि त्यावर जगभर ढीगभर शोधनिबंध निघाले आहेत. प्रयोगशाळेबाहेर मात्र ही गाळणी फारशी दिसत नाही. ती कुठून आली आणि कुठे अडली, हे पाहायचे तर पनवेलजवळच्या करंजाडे परिसरातून पाहणे सोयीचे आहे. या गोष्टीची दोन्ही टोके तिथे हाताशी आहेत.

भाताचा मुलूख, रसायनांचा शेजार

करंजाडे आज सिडकोची वसाहत आहे. सेक्टर, टॉवर आणि शेजारी नवी मुंबईचा विमानतळ. पण हा सगळा पट्टा भाताचा. खाडीच्या भरतीला बांध घालून खारजमिनीत भात पिकवण्याची रीत इथे जुनी आहे. बांध फुटून खारे पाणी शिरले की हंगाम गेला, म्हणून खाऱ्या जमिनीत तग धरणारे वाण शेतकऱ्यांनी जपले. कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे ते याच कारणाने, आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाताच्या वाणांची नावे तिथूनच आली.

भात पूर्वी घरी भरडले जाई. मुसळाने कांडायचे, सुपात पाखडायचे, तूस वेगळे, कोंडा वेगळा. मग गिरण्या आल्या आणि त्यांच्याबरोबर हलर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये एंगेलबर्गने काढलेले हे यंत्र गावोगावी पोचले. ते दाणा घासून साल काढते, त्यामुळे तूस आणि कोंडा एकत्र भरडून निघतो. रबरी रुळांचा शेलर आला तेव्हा तूस पुन्हा अख्खे आणि स्वच्छ मिळू लागले. हा फरक पाणी गाळताना महत्त्वाचा ठरतो. हलरच्या भुशात कोंड्याचे तेल आणि पीठ असते. ते पाण्यात उतरते, पाणी आंबते, वास मारते. गाळणीला शेलरचे तूस लागते.

दुसरे टोक तळोज्याचे. तिथल्या औद्योगिक वसाहतीतून कासाडी नदी वाहते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली आणि ती छायाचित्रे जगभर गेली. रंगाच्या एका कारखान्यावर कारवाई झाली. पुढच्या वर्षी कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. कुत्री निळी झाली म्हणून सगळ्यांना दिसली. विरघळलेल्या धातूंची गोष्ट वेगळी आहे. शिसे किंवा कॅडमियम घातक प्रमाणात असलेले पाणी दिसायला नितळ असू शकते, त्याला वास नसतो, चवही लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३. इतक्या सूक्ष्म प्रमाणापर्यंत गाळून घेणारी वस्तू स्वस्तात कशी करायची, हा प्रश्न या सगळ्या मागोव्याच्या मुळाशी आहे.

दोन पूर्वज

पाणी निवळायचे उपाय आपल्याकडे जुने आहेत. निवळीची बी उगाळून गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसतो. पण गाळ वेगळा आणि विरघळलेला धातू वेगळा. धातू खाली बसत नाही, फडक्यात अडकत नाही, उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि धातूचे प्रमाण वाढते. त्याला पकडायचे तर एखाद्या पृष्ठभागाने त्याला ओढून घ्यावे लागते.

हे ओढून घेणे माणसाला दोन वाटांनी कळले. पहिली वाट कोळशाची. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला टोबियास लोवित्स याला दिसले की लाकडी कोळसा द्रावणातला रंग काढून घेतो. काही दशकांत साखर कारखानदारांनी हे उचलले आणि हाडांच्या कोळशातून रस गाळून साखर पांढरी होऊ लागली. १९०० च्या सुमारास ओस्त्रेइको याने कोळशाला वाफ व क्षारांची प्रक्रिया देऊन त्याची छिद्रे वाढवण्याची पेटंटे घेतली. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला आणि मुखवट्यांसाठी असा कोळसा टनावारी लागू लागला. त्यासाठी नारळाच्या करवंट्या आणि पीचच्या कोयी जाळल्या गेल्या. शेतातला टाकाऊ माल विषाच्या आड उभा राहिला तो तेव्हा.

दुसरी वाट शेतातून निघाली. इंग्लंडमधल्या एच. एस. थॉम्पसन नावाच्या जमीनदाराला प्रश्न पडला की खत घातल्यावर पाऊस पडतो, मग खत सगळे वाहून का जात नाही? त्याने मातीतून अमोनियम सल्फेटचे पाणी झिरपवले. खाली अमोनिया आला नाही, त्याऐवजी कॅल्शियम सल्फेट आले. मातीने एक घेतले आणि दुसरे दिले. १८५० मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जे. टी. वे याने पुढे त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. आयनांची ही अदलाबदल पनवेल लोकलच्या गर्दीतल्या बाकासारखी आहे. जागा मोजक्या, आणि बसलेला उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स या इंग्लिश रसायनज्ञांनी असे बाक मुद्दाम घडवले. वनस्पतींतल्या टॅनिनसारख्या पदार्थांची फॉर्मल्डिहाइडशी सांगड घालून त्यांनी कृत्रिम राळ बनवली. आज कारखान्यांत धातू काढायला आणि बॉयलरचे पाणी मऊ करायला ज्या राळी वापरतात, त्यांचे मूळ हे. राळ उत्तम काम करते, पण स्वस्त नाही.

पारा, कॅडमियम आणि शेंगदाण्याची साले

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाण्यातला धातू हा प्रामुख्याने खाणवाल्यांचा आणि कारखानदारांचा विषय होता. जपानने तो घराघरांत नेला. मिनामाता इथे १९५६ मध्ये एका गूढ आजाराचे रुग्ण अधिकृतपणे नोंदले गेले. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत आला होता. तोयामा प्रांतातली गोष्ट भात खाणाऱ्यांना जास्त जवळची आहे. तिथे जस्ताच्या खाणीचे पाणी जिंझू नदीत उतरे, नदीचे पाणी भातखाचरांत जाई आणि कॅडमियम तांदळात येई. बायकांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले. भाताचे रोप पाण्यातले कॅडमियम मुळांवाटे दाण्यात आणू शकते, हे जगाला अशा किमतीवर समजले.

या धक्क्यानंतर अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला. वनस्पती धातू धरतेच, तर तिचा टाकाऊ भाग पाणी स्वच्छ करायला का वापरू नये? १९७२ मध्ये फ्रीडमन आणि वेस यांनी कोणता शेतमाल व उपपदार्थ किती पारा धरतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठोपाठ रँडल आणि सहकाऱ्यांनी शेंगदाण्यावरची लालसर साले घेतली. त्यांत टॅनिन भरपूर असते आणि टॅनिन धातूला घट्ट धरते. अडचण एकच होती. टॅनिन पाण्यात उतरून पाणी रंगवते. उपाय म्हणून सालांना फॉर्मल्डिहाइड दिले. ॲडम्स आणि होम्सची चाळीस वर्षांपूर्वीची युक्ती शेंगदाण्याच्या सालावर परत आली. कोळशाची वाट आणि मातीची वाट इथे एकत्र झाल्या. वस्तू शेतातली आणि तत्त्व राळेचे.

तूस या वंशावळीत थोडे उशिरा आले. १९८६ मध्ये सुएमित्सू आणि सहकाऱ्यांनी तुसावर रंगद्रव्य चढवून जड धातू पकडण्याचा प्रयोग मांडला. १९९० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या कृषी संशोधन केंद्रात मार्शल आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या टरफलांना सायट्रिक आम्ल दिले. २००३ मध्ये मलेशियातल्या वाँग आणि सहकाऱ्यांनी तुसाला टार्टारिक आम्ल देऊन शिसे आणि तांबे धरून दाखवले. रंगद्रव्याची जागा आता वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळणाऱ्या आणि चिंचेला आंबटपणा देणाऱ्या आम्लांनी घेतली होती.

तुसाला वळण लावताना

तुसाचा एक तुकडा भिंगाखाली धरला तर तो होडीसारखा वळलेला दिसतो. बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. खरखर येते ती सिलिकाची. तूस जाळले तर वजनाच्या पाचव्या भागाइतकी राख उरते आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. गुरे तूस खात नाहीत आणि ते कुजत नाही, ते याच चिलखतामुळे. पण चिलखत पाण्यालाही आत येऊ देत नाही. आत सेल्युलोज आणि लिग्निन असते, आणि धातू धरण्याचे काम त्यांच्याकडे आहे. म्हणून कच्चे तूस धातू थोडाच धरते.

वळण लावायची रीत साधारण अशी. तूस पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवायचे. मग कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात मुरवायचे. सिलिकाचा काही भाग विरघळतो, लिग्निन सैल होते, पाणी तपकिरी होते. तपकिरी रंग जाईपर्यंत धुवायचे. यापुढची पायरी आम्लाची. सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवून तूस वाळवतात आणि १२० अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात. मार्शल यांच्या पद्धतीत ही उष्णता दीड तास दिली जाते. सायट्रिक आम्लाच्या रेणूला तीन आम्ल-टोके असतात. तापल्यावर एक टोक सेल्युलोजला पक्के जोडले जाते आणि बाकीची पाण्याकडे तोंड करून मोकळी राहतात. धातूचा धनभारित आयन याच मोकळ्या टोकांवर येऊन बसतो.

काम कसे चालते ते पाहायचे तर मोरचूद घ्यावे. बागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तेच. काचेच्या नळीत खाली कापसाचा बोळा, वर संस्कारित तूस, आणि वरून मोरचुदाचे फिकट निळे पाणी थेंबथेंब. सुरुवातीला खालून पारदर्शक पाणी येते. वरच्या थरातल्या तुसावर निळसर छटा चढते, ती हळूहळू खाली सरकते, आणि ती तळाला पोचली की खालून पुन्हा निळे पाणी येऊ लागते. म्हणजे जागा भरल्या. आता सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की तांबे सुटून बाहेर येते आणि तूस पुन्हा कामाला लागते. तांब्याचा रंग दिसतो म्हणून क्षण कळतो. शिशाच्या बाबतीत तो क्षण प्रयोगशाळेतल्या यंत्राशिवाय कळत नाही, आणि घरगुती गाळणीला खरा धोका इथून आहे.

पुण्याची शाखा

भारतात तुसाची गाळणी स्वयंपाकघरात आली ती वेगळ्या कामासाठी आणि पुण्यातून. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था तिथे १९८१ मध्ये सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी तुसाच्या राखेची गाळणी बनवली. राख, सिमेंट आणि खडी यांचा थर बादलीत बसवायचा आणि वरून पाणी सोडायचे. नाव होते सुजल. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अशा गाळण्या आपद्‌ग्रस्तांना देण्यात आल्या. हीच कल्पना पुढे नेऊन राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ बाजारात आले. तेव्हा किंमत ७४९ आणि ९९९ रुपये, एका ‘बल्ब’मध्ये (म्हणजे बदलायच्या गाळणीत) ३००० लिटर पाणी, वीज लागत नाही, नळाचा दाब लागत नाही. गिरणीच्या मागच्या ढिगातून घराच्या ओट्यापर्यंत तूस पोचले. कोंड्याचा मांडा म्हणतात तो याला.

पण ही गाळणी जंतूंसाठी आणि गढूळपणासाठी होती. राखेत राहिलेली सच्छिद्र सिलिका आणि थोडा कार्बन गाळ अडवतात. चांदी जंतू मारते. विरघळलेले शिसे काढण्यासाठी ती बनवलेली नव्हती. तुसाची राख आणि आम्ल दिलेले तूस एकाच भाताची, पण दोघांची कामे वेगळी. ‘तुसाच्या गाळणीने पाणी शुद्ध होते’ हे मोघम वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

कागदावरचे आकडे आणि नाल्यातले पाणी

मलेशियातल्या त्या प्रयोगात टार्टारिक आम्ल दिलेल्या तुसाची शिसे धरण्याची कमाल क्षमता ग्रॅमला १०८ मिलिग्रॅम निघाली, तांब्यासाठी २९. गणित मांडले तर लिटरला एक मिलिग्रॅम शिसे असलेले एक लाख लिटरहून अधिक पाणी एका किलो तुसाने साफ व्हायला हवे. तसे होत नाही. कमाल क्षमता पाण्यात धातू भरपूर असताना मिळते. धातू विरळ झाला की तूस कमी धरते, आणि आपल्याला तर तो विरळाहून विरळ करायचा असतो. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी शिशाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, पिण्याच्या पाण्यासाठी त्याचाही दहावा हिस्सा.

दुसरी अडचण गर्दीची. प्रयोगशाळेतल्या पाण्यात एकच धातू असतो. खऱ्या सांडपाण्यात अनेक धातू, कॅल्शियम, मॅग्नेशियम, तेल, रंग, साबण सगळेच असते, आणि जागेसाठी सगळ्यांची रेटारेटी होते. पाण्याचा सामू (pH) फार कमी असला की हायड्रोजनच सगळ्या जागा बळकावतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर क्षारांचा पूर असतो. पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी तुसाची पोती लावून उपयोग नाही. जे करायचे ते कारखान्याच्या आतल्या नळाशी, पाणी दुसऱ्या पाण्यात मिसळण्याआधी. तिसरी अडचण भाराची. क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या पाण्यातला सहा-संयुजी क्रोमियम आणि बंगालच्या कूपनलिकांतला आर्सेनिक पाण्यात बहुधा ऋणभारित किंवा भाररहित रूपात असतात. आम्ल दिलेले तूस त्यांना जवळ करत नाही. त्यांना वेगळा संस्कार लागतो. एकच तूस सगळ्या धातूंवर चालते असे सांगणाऱ्याने अर्धेच सांगितलेले असते.

शिवाय तूस आता फुकट राहिलेले नाही. बॉयलर आणि भट्ट्या त्याला भाव देतात. त्यात कॉस्टिक, आम्ल, उष्णता आणि धुण्याचे पाणी यांचा खर्च मिळवला की ‘टाकाऊपासून टिकाऊ’ची किंमत राळेच्या जवळ सरकू लागते. धुण्याचे तपकिरी पाणी हेही सांडपाणीच असते.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी येते. तूस धातू नष्ट करत नाही. ते धातूची जागा बदलते. शिशाने भरलेले तूस भट्टीत घातले तर शिसे धुरात आणि राखेत जाते, शेतात टाकले तर मातीत, आणि तिथून पुन्हा भातात. तोयामाची गोष्ट याहून वेगळी नव्हती. असे तूस घातक कचराच समजून हाताळायला हवे आणि घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणेच त्याची विल्हेवाट लागायला हवी. त्यासाठीचे मुंबई वेस्ट मॅनेजमेंट या कंपनीचे सामाईक केंद्रही तळोज्यातच आहे. एक वाट आणखी आहे. आम्लाने धातू काढून घ्यायचा, तो परत वापरायचा आणि तूस पुन्हा कामाला लावायचे. तांबे आणि निकेल यांसारख्या भाव असलेल्या धातूंसाठी, मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांत हे परवडू शकते. ज्यांना राळेचा खर्च झेपत नाही आणि म्हणून जे पाणी तसेच सोडून देतात, त्यांच्यासाठी तुसाची गाळणी खरी उपयोगाची आहे.

लोवित्सच्या कोळशापासून आजपर्यंत धातू धरणारी वस्तू शोधणे हा कधीच मोठा अडसर नव्हता. माती धरते, साले धरतात, तूस धरते. अडते ते धरलेल्या धातूची जबाबदारी कोणी घ्यायची यावर. म्हणून उद्या कोणी करंजाड्यात किंवा आणखी कुठे तुसाची गाळणी घेऊन दाराशी आले, तर त्याला तीन प्रश्न विचारा. ही नेमका कोणता धातू काढते आणि त्याचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे? ती भरली हे मला कसे कळणार? भरलेले तूस परत कोण नेणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर जरूर घ्या. एकाचे जरी मिळाले नाही तरी पैसे खिशात ठेवा, आणि त्यातून आधी आपल्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या.